बर्फ कडक असेपर्यंत : फ्रेंडशिप पीक, मे अखेर

मनालीच्या वर सोलांगच्या खोऱ्यात फ्रेंडशिप नावाचं शिखर आहे, ५२८९ मीटर. हिमालयाच्या हिशोबात हे छोटंच, पण आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी बर्फावरचं पहिलं शिखर म्हणून बरेच जण हेच निवडतात. आम्ही तिघं नाशिकहून गेलो होतो. मी, माझा मामेभाऊ (दादा, वय ५३, तीस वर्षं सह्याद्रीत फिरतोय, अलंग-मदन-कुलंग तीन वेळा झालंय) आणि माझी एक मैत्रीण. मे-जूनमध्ये कोणी जाणार असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून सगळं दिवसवार लिहितेय. त्यातही एक गोष्ट मला मुद्दाम सांगायचीय, ती म्हणजे या दिवसांतल्या बर्फाचं घड्याळ. सह्याद्रीत कातळ सकाळी जसा तसाच संध्याकाळी, पाऊस नसला की झालं. बर्फाचं तसं अजिबात नाही, पहाटे चार वाजता ज्यावरून तुम्ही डांबरी रस्त्यासारखे चालत गेलात तोच उतार सकाळी अकराला तुम्हाला मांडीपर्यंत गिळतो.

दिवस १ – मनाली

नाशिकरोडहून रेल्वेने दिल्ली, कश्मीरी गेटहून रात्रीची बस, सकाळी औटच्या बोगद्यानंतर जाग आली आणि खिडकीतून बियास नदी दिसली. २०२३ च्या जुलैमधल्या पुराने केलेल्या जखमा काठावर अजून दिसतात, कुठे अर्धा रस्ता खचलेला, कुठे नुसते धोंडेच धोंडे. मनाली २०५० मीटरवर आहे, तिथे एक अख्खा दिवस थांबायचं ठरवलं होतं आणि ते बरं केलं, कारण सामान भाड्याने घेण्यात दुपार गेली. स्नो बूट, गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून नडगीवर बांधायचं आवरण), क्रॅम्पॉन (बुटाखाली बसवायचे धातूचे काटे), हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा), हेल्मेट, आईस अ‍ॅक्स (बर्फात रुतवायची कुदळीसारखी कुऱ्हाड). इथे एक चूक झाली ती सांगते. दुकानात मी बूट घालून बघितले, क्रॅम्पॉन हातात घेऊन बघितले, पण क्रॅम्पॉन त्याच बुटाला बसवून पाच मिनिटं चालून बघितलं नाही. त्याचं काय झालं ते चौथ्या दिवशी येईल.

संध्याकाळी वशिष्ठला जाऊन आलो, गरम पाण्याचं कुंड आहे ते. बियासचं जुनं संस्कृत नाव विपाशा, आणि गोष्ट अशी की पुत्रशोकाने वसिष्ठांनी स्वतःला पाशांनी बांधून नदीत उडी घेतली आणि नदीनेच ते पाश सोडवून त्यांना काठावर आणलं, म्हणून वि-पाशा. दादाने ही गोष्ट चहा पिता पिता सांगितली. पुढे शिखराच्या रात्री कमरेला दोर बांधताना मला ती सारखी आठवत होती.

दिवस २ – धुंदी ते बकरथाच

गाडीने सोलांगवरून धुंदी. अटल बोगद्याचं दक्षिणेकडचं तोंड इथेच आहे, ९.०२ किलोमीटरचा बोगदा, ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला आणि आता पर्यटकांच्या गाड्या रांगेने त्यात शिरून पलीकडे लाहौलमध्ये सिस्सूला जातात. आम्ही त्या रांगेतून बाहेर पडून डावीकडे वळलो आणि दहा मिनिटांत हॉर्नचा आवाज थांबला, फक्त नाल्याचा.

चाल सोपी आहे. भूर्जाची झाडं, त्यांची साल कागदासारखी सुटलेली, कुठेकुठे लाल बुरांश अजून फुललेला. एका ठिकाणी नाल्यावर बर्फाचा पूल होता, म्हणजे हिवाळ्यात वरून कोसळलेला बर्फ नाल्यात साठून राहिलेला आणि पाण्याने खालून तो पोखरलेला. वरून मळकट, मातीने काळा पडलेला, कडेला मात्र कापल्यासारखी निळसर धार. गाईडने (लाहौलचे आहेत, पंचवीस वर्षं याच खोऱ्यात काम करतायत) आधी एकट्याने मधोमध जाऊन अ‍ॅक्सचा दांडा चार ठिकाणी खुपसून बघितला, मग आम्हाला एकेक करून, मध्ये अंतर ठेवून सोडलं. पायाखालून पाण्याचा घुमणारा आवाज येत होता. मैत्रीण पलीकडे जाऊन खाली बसलीच, म्हणाली पाय थरथरतायत गं.

बकरथाच साधारण ३३०० मीटर. थाच म्हणजे पहाडीत कुरण, आणि नाव खरंच आहे, गद्दी मेंढपाळ उन्हाळ्यात इथे शेळ्यामेंढ्या घेऊन येतात. एक कळप आमच्या आधीच पोचला होता, दोन मोठे केसाळ कुत्रे, गळ्यात खिळ्यांचे पट्टे, बिबट्याने मानेला धरू नये म्हणून. हिरवळ नुकती फुटत होती आणि जिथून बर्फ परवा-तेरवा हटलाय तिथलं गवत अजून पिवळं, चपटं, ओल्या केसांसारखं जमिनीला चिकटलेलं. समोर हनुमान टिब्बा. इंग्रज त्याला सोलांग वाइसहॉर्न म्हणायचे, १९१२ मध्ये ब्रूस या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या मोहिमेतला हाइनरिक फ्यूरर नावाचा स्विस गाईड त्याच्या माथ्यावर पोचला होता. त्या काळातले बूट आणि दोर डोळ्यापुढे आणले आणि मग तो पहाड बघितला तर नमस्कारच करावासा वाटतो.

दिवस ३ – लेडी लेग

बियास कुंडाच्या बाजूने वर. कुंड निम्मं बर्फाखाली होतं, उघडं पाणी हिरवट निळं. मोरेनचे दगड म्हणजे हिमनदीने आणून टाकलेला राडारोडा, एकही दगड पक्का बसलेला नाही, त्यावरून पाठीवर १४ किलो घेऊन चालणं हे मला त्या दिवशीचं सगळ्यात अवघड वाटलं. त्यानंतर सलग बर्फ सुरू झाला तो थेट शिखरापर्यंत. कॅम्प साधारण ३८५० मीटरवर, लेडी लेग म्हणतात त्या जागेला.

पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजलेला, बर्फ पार भुसभुशीत. तंबूची जागा करायला फावड्याने बर्फ काढून मग पायांनी तुडवून सपाट करायचा, अर्धा तास तिघं मिळून नुसते एका जागी नाचल्यासारखे तुडवत होतो. पाणी म्हणजे बर्फ वितळवायचा, एक पातेलंभर बर्फ घातला की तळाला जेमतेम कपभर पाणी होतं, पुन्हा घाला, पुन्हा घाला. दादाने घरून भाजणी आणली होती, स्टोव्हवर पातेल्याच्या झाकणावर थालीपिठं लावली. करपली थोडी, पण त्या थंडीत शेंगदाण्याच्या चटणीबरोबर ती करपलेली थालीपिठं म्हणजे काय सांगू, गाईडनी तीन खाल्ली आणि रेसिपी विचारली.

रात्री दादाचं डोकं थोडं दुखत होतं. म्हणाला, काही नाही गं, ऊन लागलं.

दिवस ४ – सराव

हा दिवस कोणी वाचवू नये, काही ग्रुप वाचवतात असं ऐकलं. सकाळी सहाला बर्फ कडक असताना क्रॅम्पॉन घालून चालणं, आणि इथे माझ्या उजव्या पायाचा क्रॅम्पॉन तिसऱ्या मिनिटाला निघून उताराला लागला. टाचेची तार त्या बुटाच्या खाचेत नीट बसतच नव्हती. गाईडनी स्वतःच्या सामानातला पट्ट्याचा जोड काढून दिला, म्हणाले हे शिखराच्या रात्री झालं असतं तर? मी काही बोलले नाही. म्हणून सांगते, मनालीतच बूट-क्रॅम्पॉन एकत्र बसवून, पाय आपटून, झटकून बघा.

मग ऊन चढल्यावर किक स्टेप, म्हणजे मऊ बर्फात बुटाचं टोक दोनदा मारून पायरी करायची आणि मागच्याने त्याच पायरीत पाय ठेवायचा. आणि सेल्फ अरेस्ट. घसरायला लागलं की पालथं व्हायचं, अ‍ॅक्सचं डोकं खांद्याशी घट्ट धरून छातीचा सगळा भार टाकून चोच बर्फात रुतवायची, आणि पायात क्रॅम्पॉन असले तर पाय वर उचलायचे, नाहीतर काटे अडकून माणूस उलटा फेकला जातो. पाठीवर, पोटावर, डोकं खाली करून, सगळ्या प्रकारांनी घसरून बघितलं. वीस-बावीस वेळा केल्यावर हात आपोआप करायला लागतात. गाईडचं म्हणणं असं की विचार करून अ‍ॅक्स मारलीत तर उशीर झालेला असतो.

संध्याकाळी चारला जेवण, सहाला झोप, साडेअकराला उठायचं.

दिवस ५ – थांबलो

साडेअकराला उठलो, मोजे-बूट सगळं चढवलं आणि तंबूतून डोकं बाहेर काढलं तर एक चांदणी दिसेना. थंडीही आदल्या रात्रीइतकी नव्हती. गाईड बाहेर उभे, त्यांनी आईस अ‍ॅक्सचा दांडा बर्फावर ठेवला आणि नुसता हाताचा भार दिला, दांडा लोण्यात सुरी जावी तसा मुठीपर्यंत आत गेला. म्हणाले, "दीदी, आज बर्फ जमी नहीं. आज नहीं जाएंगे."

मला खरं सांगायचं तर रडू आलं होतं. सगळी तयारी करून, पाच महिने रोज पहाटे रामशेजच्या पायऱ्या चढून उतरून, आणि पाऊस नाही, वारा नाही, नुसते ढग आहेत म्हणून थांबायचं? मग कॉफी करून त्यांनी समजावलं ते असं. दिवसभर उन्हाने बर्फाचा वरचा थर ओला होतो. रात्री आकाश मोकळं असलं की बर्फातली ऊब वर निघून जाते आणि ते पाणी पुन्हा गोठून कडक कवच होतं, त्यावर आपण चालतो. ढग आले की गोधडी पांघरल्यासारखं होतं, ऊब बाहेर जात नाही, कवच बनतच नाही. मग अंधारात गुडघाभर रुतत चढायचं, नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागतो, वर पोचेपर्यंत ऊन, आणि उतरताना तोच तापलेला, खालून सुटा झालेला बर्फ डोक्यावरच्या उतारांवर. तो सुटून कोसळला की त्यालाच हिमस्खलन म्हणतात. जाणं जमेल, म्हणाले, येण्याची गॅरंटी नाही.

एक जादा दिवस आम्ही धरला होता म्हणून हे शक्य झालं. त्या दिवशी दुसरा एक ग्रुप कॅम्पवर होता, त्यांच्याकडे जादा दिवस नव्हता, ते सकाळी सामान बांधून गुपचूप खाली गेले, एकही जण वर बघत नव्हता. त्यांच्या लीडरचं मला फार कौतुक वाटलं. सुट्टी काढताना एक दिवस जास्तच काढा, बाकी काही ऐकलं नाहीत तरी चालेल.

दिवसभर तंबूत पडून, बाहेर येऊन, पाणी वितळवून काढला. दुपारी समोरच्या हनुमान टिब्ब्याच्या अंगावरून तीनदा बर्फ सुटला. आधी पांढरी रेघ हलताना दिसते, एकदम सावकाश, आणि मोजून चार-पाच सेकंदांनी आवाज येतो, लांबून मालगाडी जावी तसा. चार वाजता ढग फाटले. सहाला आकाश स्वच्छ.

दिवस ६ – शिखर

रात्री उठले तर तंबूचं कापड पत्र्यासारखं ताठ, हात लावला की आतल्या बाजूचं दव चुरचुर करून अंगावर पडत होतं. बाहेर इतक्या चांदण्या की मान खाली घेववेना. गाईडनी पुन्हा दांडा ठेवला, या वेळी दोन बोटं आत गेला आणि थांबला. हसले फक्त.

पावणेएकला निघालो. गाईड, मैत्रीण, मी, दादा आणि शेवटी दुसरा गाईड, सगळे एका दोरात. १४०० मीटरच्या वर चढ, म्हणजे बारीतून कळसूबाई चढतो त्याच्या दीडपटीहून जास्त, तोही जिथे हवा समुद्रसपाटीच्या मानाने जेमतेम निम्मी उरते अशा उंचीपर्यंत. पहिले तीन तास काही दिसत नाही, हेडटॉर्चच्या गोल उजेडात पुढच्याची टाच, दोर, आणि क्रॅम्पॉनचा तो आवाज, करर्क, करर्क, गुळाची ढेप फोडताना येतो तसा कोरडा. तो आवाज येतोय तोवर सगळं ठीक आहे, हे आता कळलेलं होतं, म्हणून कान तिकडेच. पाण्याची बाटली उलटी ठेवली होती, म्हणजे गोठलं तर बूड गोठतं, तोंड उघडं राहतं.

साडेतीनच्या सुमारास दोराला मागून दोनदा ओढ बसली. दादा गुडघ्यावर बसला होता. उलटी झाली. गाईडनी टॉर्च त्याच्या डोळ्यांवर न मारता बाजूला धरून विचारलं, डोकं किती दुखतंय, दहापैकी. दादा म्हणाला चार. मग उभं करून दोराच्या रेषेवर पाऊल पुढे पाऊल ठेवून चालायला लावलं आणि दादाचा तोल दोनदा गेला. ४७०० मीटरच्या आसपास असू. माझ्याकडे बघून म्हणाला, "सात आहे गं. परवापासून आहे." परवापासून! कॅम्पवर मला ऊन लागलं म्हणून सांगत होता.

मी म्हटलं मी पण येते खाली. तर एकदम मोठ्याने ओरडला, जसा लहानपणी विहिरीवर ओरडायचा, "गप वर जा. मी याच्याबरोबर जातो, मला काय उचलून न्यायचंय का?" दुसऱ्या गाईडने त्याला वेगळ्या दोरात घेतलं, डायमॉक्स (विरळ हवेच्या त्रासावरची गोळी) दिली आणि ते दोन उजेड खाली जायला लागले. मी बराच वेळ मान वळवून बघत होते, मग आमच्या गाईडनी हळूच दोर ताणला. ज्या माणसाने मला पाचवीत असताना हरिहरच्या पायऱ्या चढवल्या, मागून पाय धरून एकेका खोबणीत ठेवला, तो उतरत होता आणि मी वर जात होते. तो तास मी कशी चालले मला आठवत नाही. पण विरळ हवेचा त्रास झाला की उतरणं हाच उपाय, गोळी ही उतरायला मदत म्हणून असते, आणि तो पायांत बळ असतानाच उतरला म्हणून स्वतःच्या पायाने उतरला. तुमच्यापैकी कोणाला डोकं दुखत असेल तर पहिल्याच रात्री सांगा, प्लीज, लाजू नका.

पाचच्या आत पूर्वेला फिकं झालं. आधी देव टिब्बा आणि इंद्रासनचे कडे उमटले, मग हनुमान टिब्ब्याच्या टोकाला केशरी ठिपका पडला आणि बघता बघता खाली ओघळत आला. इथून पुढे उतार तिरका आणि खडा, दोन ठिकाणी हिमभेगा ओलांडल्या, एक जेमतेम हातभर रुंद, टॉर्च मारली तर आत निळं आणि मग नुसतंच काळं. शेवटच्या कड्याखाली दर वीस पावलांनी थांबत होतो. मैत्रीण वीस मोजायची, पुढच्या वीसला मी.

आठ वाजून दहा मिनिटांनी वर. माथा अरुंद आहे, पाचसहा जण कसेबसे उभे राहतील. उत्तरेला लाहौलचे डोंगर, रांगांमागे रांगा, तिकडे पाऊस कमी म्हणून रंग तपकिरी आणि वर बर्फ, आणि आमच्या बाजूला खाली हिरवं कुल्लूचं खोरं, एका पावलात दोन वेगळे देश असल्यासारखं. गाईडनी उदबत्ती लावली. मी खिशातून दादाचा नाशिकहून आणलेला छोटा भगवा काढला, खाली जाताना त्याने तो माझ्या जॅकेटच्या खिशात कोंबला होता, मला वर येईपर्यंत पत्ताच नव्हता. दोन मिनिटं धरला. फोटोत माझा चेहरा रडलेला आहे.

वीस मिनिटांत निघालो, कारण घड्याळ. साडेनऊपर्यंत बर्फ चांगला होता, मग बदलायला लागला ते पायालाच कळतं. करर्कचा फसक झाला. ओला बर्फ क्रॅम्पॉनच्या काट्यांमध्ये चिकटून बुटाखाली नारळाएवढे गोळे होतात, काटे जमिनीला लागतच नाहीत, उंच टाचेच्या चपलेवर उतारावर उभं राहावं तसं. म्हणून दर तीन-चार पावलांनी अ‍ॅक्सच्या दांड्याने बुटाच्या कडेला ठोका, गोळा पडतो, पुन्हा तीन पावलं. मैत्रिणीने एकदा ठोकायचा कंटाळा केला आणि घसरली, पण घसरता घसरताच पालथी होऊन अ‍ॅक्स मारली आणि दोन-तीन मीटरवर थांबली. विचार न करता. उठून माझ्याकडे बघायला लागली, मी झालं ते चांगलं झालं म्हणून मान हलवली, बोलायला दम नव्हता दोघींकडे.

साडेदहाला डावीकडच्या उतारावरून छोटे छोटे गोळे आपोआप घरंगळायला लागले, बर्फाच्या पट्टीची सुरळी व्हावी तसे. गाईड त्याकडे बोट दाखवून म्हणाले, हा इशारा, आता इथे थांबायचं नाही, पाणीसुद्धा खाली जाऊन. शेवटच्या सपाट होत जाणाऱ्या उतारावर क्रॅम्पॉन काढून, बसून घसरत आलो.

कॅम्पवर दादा तंबूबाहेर मॅट टाकून बसलेला, डोकं जवळजवळ थांबलेलं. आम्ही दिसल्यावर त्याने पातेलं उचलून दाखवलं. डाळ-भात तयार होता, आणि साजूक तूप, जे त्याने सहा दिवस कुणाला कळू न देता लपवलं होतं.

दिवस ७ – खाली

पहाटे कवच कडक असतानाच निघालो. लेडी लेगच्या खाली जिथे चार दिवसांपूर्वी सलग बर्फ होता तिथे आता दगड उघडे पडले होते आणि त्यांच्या कडेला, बर्फ संपतो त्या अगदी रेषेवर, वितळलेल्या पाण्यात पाय बुडवून पिवळी फुलं उभी होती, काही तर उरलेल्या पातळ बर्फाला भोक पाडून वर आलेली. झुडपांत मोनाल पक्ष्याची शीळ ऐकू आली, दिसला मात्र नाही.

बकरथाचच्या खाली नाल्यापाशी आलो आणि तिघंही थांबलो. ज्या बर्फाच्या पुलावरून आम्ही गेलो होतो तो नव्हता. दोन्ही काठांना निळे तुटके तुकडे, मध्ये गढूळ पाणी जोरात. काल दुपारी पडला, मेंढपाळ म्हणाला, आवाजाने मेंढ्या उधळल्या होत्या. अर्धा तास वर चालत जाऊन, पाणी पसरून उथळ झालंय तिथे बूट गळ्यात अडकवून, एकमेकांचे हात कोपरापाशी धरून ओलांडलं, दादा मधे. पाणी इतकं गार की पलीकडे गेल्यावर पाय आहेत की नाहीत ते हाताने चाचपून बघावं लागलं.

धुंदीला टपरीवर चहा घेतला, तीन तीन कप. दादा म्हणाला ऑक्टोबरात मी आधी सहा दिवस मनालीत येऊन राहतो आणि मग बघतो. मी सुट्टी टाकून ठेवलीय.